नावापुढची खूण कोणासाठी?

ब्रिटनमधल्या अनेक कौन्सिलांच्या संगणकात एक सोय असते. रहिवाशाचे नाव किंवा घराचा पत्ता टाकला की भाडे, कौन्सिल टॅक्स, दुरुस्त्या, तक्रारी अशी त्याची सगळी कुंडली पडद्यावर येते. काही नावांपुढे मात्र आणखी एक खूण दिसते. कुठे तिला ‘कॉशनरी कॉन्टॅक्ट’ म्हणतात, कुठे ‘पीव्हीपी’, म्हणजे पोटेन्शियली व्हायलंट पर्सन, तर कुठे नुसते ‘वॉर्निंग मार्कर’. मतलब एकच: या माणसाकडे जपून जा, हा अंगावर येऊ शकतो. खुणेसोबत कधी सूचना असते. एकट्याने जाऊ नये, भेट ऑफिसातच घ्यावी, कुत्रा बांधून ठेवायला आधी फोन करून सांगावे. कधी सूचना नसतेच, फक्त खूण असते.

अशी नोंद ठेवूच नये, असे म्हणणारे लोक आहेत. मी त्यांच्यातला नाही. जो कर्मचारी एकटा कुणाचे तरी दार वाजवायला निघाला आहे त्याला आत काय वाट पाहते आहे हे सांगणे ऑफिसचे कर्तव्यच आहे. पण हे कर्तव्य त्या दारापुरते आहे. दारापासून जितके लांब जावे तितकी ही खूण सुरक्षेची राहत नाही आणि शिक्षेची होत जाते. अशी शिक्षा, जिचा खटला कधी चाललाच नाही आणि जिच्याबद्दल आरोपीला अनेकदा कुणी सांगितलेलेही नसते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला कौन्सिल म्हणजे महापालिका असे सांगून भागते, पण ते अर्धेच खरे. इथली कौन्सिल कचरा उचलते, पार्किंगचा दंड करते, बांधकामाला परवानगी देते, हे तर झालेच. शिवाय अनेक ठिकाणी ती हजारो कुटुंबांची घरमालक आहे. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्याला आंघोळ घालायला माणूस पाठवण्याची व्यवस्था ती करते. मुलांची आबाळ होते आहे अशी शंका आली तर सोशल वर्कर तिचाच येतो. डोक्यावरचे छप्पर गेले तर अर्ज तिच्याकडेच करायचा. म्हणजे हिचा कर्मचारी लोकांच्या उंबऱ्याच्या आत जातो, आणि बऱ्याचदा वाईट बातमी घेऊन जातो: भाडे थकले आहे, तुमच्या आवाजाबद्दल शेजाऱ्यांनी तक्रार केली आहे, तुमचे मूल काही दिवस दुसरीकडे राहील. अशा वेळी समोरचा माणूस चहा विचारत नाही.

धोका खरा आहे हे मान्य केल्याशिवाय या विषयावर बोलण्यात अर्थ नाही. डरहॅम परगण्यातल्या बट्सफील्ड इथे अल्बर्ट ड्रायडन नावाच्या माणसाने परवानगी न घेता बंगला बांधला होता. बाहेरून दिसू नये म्हणून जमीन खणून खड्ड्यात बांधला होता. डर्वेंटसाइड डिस्ट्रिक्ट कौन्सिलशी त्याचा वाद वर्षानुवर्षे चालला. २० जून १९९१ रोजी कौन्सिलचे मुख्य नियोजन अधिकारी हॅरी कॉलिन्सन बांधकाम पाडायला तिथे पोचले तेव्हा ड्रायडनने पिस्तूल काढून त्यांना गोळ्या घालून ठार मारले. पळणाऱ्यांवरही त्याने गोळ्या झाडल्या. बीबीसीचा एक वार्ताहर आणि एक पोलीस जखमी झाला. टीव्हीचे कॅमेरे चालू होते, त्यामुळे देशभर लोकांनी ते पाहिले. त्याआधी १९८४ मध्ये बेक्सली हॉस्पिटलमध्ये इझाबेल श्वार्ट्झ ही तरुण सोशल वर्कर तिच्याच एका जुन्या क्लायंटच्या हातून मारली गेली होती. त्यावर चौकशी बसली, १९८८ मध्ये अहवाल आला, आणि मानसिक आजारी माणसांची हॉस्पिटलबाहेर काळजी कशी घ्यायची याची पद्धतच पुढे बदलली. आपल्याकडेही ऑगस्ट २०२१ मध्ये ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर फेरीवाल्यांवर कारवाई करताना सहायक आयुक्त कल्पिता पिंपळे यांच्या हाताची बोटे सुऱ्याच्या वाराने तुटली. पालिकेचा माणूस म्हणजे साहेब, त्याला कोण हात लावतो, हा समज दोन्हीकडे खोटाच.

कायदाही कर्मचाऱ्याच्या बाजूने आहे. १९७४ च्या आरोग्य आणि सुरक्षा कायद्यानुसार कामावरच्या माणसाचा जीव सांभाळणे मालकाची जबाबदारी आहे, आणि कौन्सिलही मालकच. पोलीस, अग्निशमन, ॲम्ब्युलन्स यांच्यावरील हल्ल्यांसाठी २०१८ मध्ये वेगळा कायदा झाला, पण घरांची तपासणी करणारा हाउसिंग ऑफिसर त्यात बसत नाही. २०२२ मध्ये लोकांना सेवा देणाऱ्या कुणावरही हल्ला केल्यास शिक्षा ठरवताना तो अधिक गंभीर धरावा अशी तरतूद आली. ते ठीक आहे, पण ती तरतूद उपयोगी पडते तेव्हा डोके आधीच फुटलेले असते. आधी काय करायचे, याचे सगळ्यात स्वस्त उत्तर म्हणजे संगणकातली खूण.

स्वस्त हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे.

कॉलिन्सन यांच्या मृत्यूनंतर कुणी म्हणू शकेल, तेव्हा अशी यादी असती तर? पण बट्सफील्डला कुणाला काय माहीत नव्हते? ड्रायडन चिडलेला आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होते. त्याला हत्यारांचा नाद आहे हेही लपलेले नव्हते. काहीतरी घडणार असे वाटत होते म्हणूनच तर वार्ताहर आणि पोलीस तिथे जमले होते. म्हणजे खूण होतीच, संगणकात नसेल पण सगळ्यांच्या डोक्यात होती. नव्हता तो निर्णय: आज जायचे की नाही, पोलिसांनी आधी त्याची झडती घ्यायची की नाही, कॅमेऱ्यांच्या गर्दीत हा तमाशा करायचा की नाही. माहिती असणे आणि त्या माहितीवर काही करणे या दोन गोष्टींत जे अंतर आहे त्यात हॅरी कॉलिन्सन यांचा जीव गेला. नोंदवह्या ठेवणाऱ्या ऑफिसांना हे अंतर दिसत नाही. खूण टाकली की काम झाले असे त्यांना वाटते.

आता दुसऱ्या टोकाचे प्रकरण, आणि त्यावर जरा थांबायला हवे, कारण या विषयावरचा इंग्लंडमधला सगळ्यात महत्त्वाचा निकाल त्यातूनच आला. लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रोच्या पलीकडे स्लाऊ हे गाव आहे. आयटीमधल्या मराठी कुटुंबांना ते चांगले परिचयाचे आहे. २००५ मध्ये तिथल्या एका रहिवासी बाईंनी सार्वजनिक बागेत एक दारू प्यालेला माणूस फुलांचा वाफा तुडवताना पाहिला. त्यांनी त्याला हटकले, तर तो उलट त्यांनाच धमकावू लागला. जबाबदार नागरिकाने जे करावे तेच त्यांनी केले: कौन्सिलला फोन केला. फोनवरच्या कर्मचारी बाईंशी त्यांचे बिनसले. आपले म्हणणे ऐकून घेतले नाही, वर आपल्यालाच दटावले, असे या बाईंना वाटले. मग त्यांनी कौन्सिलकडे लेखी तक्रार केली, आणि त्या तक्रारीत रागाच्या भरात एक वाक्य लिहून बसल्या: मला इतका संताप आला होता की ती समोर असती तर मी तिच्यावर हात टाकला असता.

आपल्याकडे अशी वाक्ये रोज रेशनच्या रांगेत ऐकू येतात. कौन्सिलने मात्र ते वाक्य उचलले आणि बाईंचे नाव हिंसक व्यक्तींच्या यादीत अठरा महिन्यांसाठी टाकले. धोक्याची पातळी: मध्यम. ही नोंद ईमेलने साठाहून अधिक कर्मचाऱ्यांना गेली, शिवाय कौन्सिलबरोबर काम करणाऱ्या बाहेरच्या संस्थांनाही गेली. बाईंनी कुणाला धक्काही दिला नव्हता. त्यांच्यावर गुन्हा नव्हता. ज्या माणसाने खरोखर धमकी दिली होती त्याचे काय झाले हा प्रश्न या कागदांच्या ढिगाखाली कुठेतरी राहून गेला.

बाई कौन्सिलविरुद्ध अब्रुनुकसानीचा दावा घेऊन कोर्टात गेल्या. कौन्सिलने दोन बचाव मांडले. पहिला, आम्ही लिहिले ते खरे आहे. ज्युरीने तो फेटाळला. दुसरा बचाव अधिक तगडा होता. इंग्लंडच्या कायद्यात असे आहे की एखाद्याला माहिती देणे तुमचे कर्तव्य असेल आणि ती मिळणे त्याच्या गरजेचे असेल, तर ती चुकीची निघाली तरी तुमच्यावर दावा चालत नाही, फक्त तुमच्या मनात खोट नसावी. यादी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात खोट नव्हती हे ज्युरीनेही मान्य केले. म्हणजे जुन्या कायद्याने पाहिले तर कौन्सिल सुटायला हवी होती.

सुटली नाही. न्यायमूर्ती टुगेंडहॅट यांनी २००९ मध्ये सांगितले की कौन्सिल ही सरकारी यंत्रणा आहे, तिला १९९८ च्या मानवी हक्क कायद्याचेही भान ठेवावे लागते, आणि माणसाची अब्रू हा त्याच्या खासगी आयुष्याचा भाग आहे. तेव्हा ज्या कर्मचाऱ्यांची या बाईंशी प्रत्यक्ष गाठ पडण्याची शक्यता होती त्यांना कळवणे ठीक. ज्यांची तशी काही शक्यताच नव्हती अशा विभागांना आणि बाहेरच्या संस्थांना कळवण्याची गरज नव्हती, म्हणून तिथे संरक्षणही नाही. भरपाई ठरली १२,००० पौंड. कौन्सिल अपिलात गेली आणि डिसेंबर २०१० मध्ये तिथेही हरली. अपील कोर्टातले लॉर्ड जस्टिस वॉर्ड यांनी कौन्सिलच्या सगळ्यात आवडत्या सबबीचाच समाचार घेतला: माहितीची खातरजमा करणे आणि खरोखर गरज आहे त्यांनाच ती देणे प्रशासनाला जड जाते, हे कारण माणसाच्या अब्रूपेक्षा वजनदार ठरू शकत नाही. बागेतल्या त्या दिवसापासून पाच वर्षे उलटली होती.

मला या निकालातला पैशाचा आकडा महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाची वाटते ती त्यातली मोजपट्टी. खूण खरी की खोटी एवढ्यावरच कोर्ट थांबले नाही, ती कुणाच्या हातात गेली हेही त्याने पाहिले. तीच नोंद एका टेबलावर कर्तव्य ठरली आणि दुसऱ्या टेबलावर बदनामी.

आता गंमत अशी, गंमत म्हणावी तर, की अनेक कौन्सिलांत ज्यांना कळायला नको त्यांना कळते आणि ज्यांना कळायला हवे त्यांना कळेलच याची खात्री नसते. घरांच्या दुरुस्तीचे काम अनेक ठिकाणी कंत्राटदारांकडे आहे. बॉयलर बघायला येणारा गॅसवाला, नळ बदलणारा प्लंबर, म्हाताऱ्यांच्या घरी जाणाऱ्या एजन्सीच्या केअरर बाई, यांच्या पगारपत्रकावर कौन्सिलचे नाव नसते, तेव्हा संगणकाचा पासवर्ड तरी कुठून असणार? दार मात्र तेच वाजवतात. ऑफिसच्या चौथ्या मजल्यावर परवान्यांच्या अर्जांवर शिक्के मारणाऱ्याला कळून काय फायदा की अमुक इमारतीतला अमुक माणूस दारू प्यायला की शिवीगाळ करतो? ती सूचना हत्यारांची पिशवी घेऊन जिना चढणाऱ्याला हवी, तीही एका ओळीची: संध्याकाळी जाऊ नका, दोघे जा. त्या माणसाचा सगळा इतिहास त्यालाही नको.

जास्त हातांत गेलेली यादी काय करू शकते याचे उदाहरण पूर्व लंडनच्या न्यूहॅममध्ये घडले. २०११ च्या दंगलींनंतर लंडनच्या पोलिसांनी २०१२ पासून टोळ्यांशी संबंध असल्याचा संशय असलेल्यांची एक यादी ठेवायला सुरुवात केली होती, ‘गँग्ज मॅट्रिक्स’. प्रत्येक नावाला लाल, पिवळा किंवा हिरवा रंग दिलेला असे. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१८ मध्ये दाखवून दिले की यादीतले ७८ टक्के लोक कृष्णवर्णीय होते. टोळीच्या हल्ल्याचा बळी ठरलेलेही त्या यादीत येत. ही यादी कौन्सिलांनाही दिली जाई. जानेवारी २०१७ मध्ये न्यूहॅम कौन्सिलच्या एका कर्मचाऱ्याने २०३ जणांची नावे असलेली संपूर्ण यादी, काहीही न झाकता, ईमेलने ४४ जणांना पाठवली. पुढे त्याच वर्षी त्या यादीचे फोटो स्नॅपचॅटवर फिरू लागले आणि विरोधी टोळ्यांच्या पोरांच्या हाती पडले. त्या वर्षी न्यूहॅममध्ये टोळ्यांच्या हाणामाऱ्या झाल्या आणि त्यात यादीतलेही काही जण बळी पडले. फुटलेली यादीच त्याला कारण झाली असे सिद्ध करता येत नाही, हे लोकांच्या खासगी माहितीच्या वापरावर देखरेख ठेवणाऱ्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयानेही स्पष्ट केले. पण एप्रिल २०१९ मध्ये त्यांनी कौन्सिलला १,४५,००० पौंड दंड केला. पोलिसांनी २०२२ मध्ये मॅट्रिक्स बेकायदा चालवल्याची कबुली दिली आणि २०२४ मध्ये ती बंद केली.

ही यादी पोलिसांची होती आणि तिच्यातले काही जण खरोखरच हिंसक गुन्ह्यांत होते, हे मला मान्य आहे. हाउसिंग ऑफिसच्या खुणेशी तिची सरसकट बरोबरी करता येणार नाही. पण दोन्हींना लागलेला रोग एकच. सुरक्षेसाठी म्हणून गोळा केलेली माहिती जितक्या सहजपणे पुढे ढकलता येते तितक्याच सहजपणे ती ढकलली जाते, आणि पाठवणाऱ्याला आपण काही चांगले करतो आहोत असेच वाटत असते.

मग या यादीत येते कोण? हा प्रश्न मध्यमवर्गीय माणूस सहसा विचारत नाही, कारण तो यादीत नसतो. स्वतःचे घर, स्वतःची गाडी, कौन्सिल टॅक्स बँकेतून आपोआप कापला जातो. असा माणूस कौन्सिलच्या कर्मचाऱ्याला वर्षानुवर्षे भेटत नाही. भेटलाच तर झाड तोडण्याच्या परवानगीसाठी भेटतो, आणि रागावला तर वकिलाकरवी किंवा आपल्या कौन्सिलरकरवी रागावतो. त्याच्या संतापाला लेटरहेड असते. ज्याच्या घरात बुरशी आली आहे, जो चार वेळा फोन करून कंटाळला आहे, ज्याची मुले कौन्सिलने नेली आहेत, ज्याला घरातून काढायची नोटीस आली आहे, त्याचा संताप काउंटरवर निघतो. म्हणजे कुणाचा राग ‘तक्रार’ म्हणून फाइलला लागणार आणि कुणाचा ‘हिंसक वर्तन’ म्हणून, हे बऱ्याच अंशी माणूस कौन्सिलवर किती अवलंबून आहे त्यावर ठरते. आणि जो सगळ्यात जास्त अवलंबून आहे त्यालाच खुणेमुळे सगळ्यात जास्त गमवावे लागते: घरी भेटी बंद, दुरुस्ती दोन माणसे मोकळी होईपर्यंत पुढे, अर्जावर बोलायचे ते काचेपलीकडून.

आजारी माणसांचे काय, हा त्याहून अवघड भाग. डिमेन्शिया झालेले आजोबा आंघोळ घालणाऱ्या केअररचा हात पिरगाळतात, कारण त्यांच्या लेखी ती बाई त्यांच्या घरात घुसलेली अनोळखी व्यक्ती असते. ऑटिझम असलेला तरुण अचानक स्पर्श झाला की ढकलतो. इजा खरी असते, आणि पुढच्या केअररला आधी सांगायलाच हवे. पण काय सांगायचे? ‘हा हिंसक आहे’ असे सांगितले तर ती घाबरत जाणार, दारातूनच हातचे राखून वागणार, आणि आजोबा आणखी बिथरणार. ‘मागून जाऊ नका, आधी नाव सांगा, पाण्याचा नळ सोडण्यापूर्वी हात दाखवा’ असे सांगितले तर दोघांचेही भले. २०१० च्या समानता कायद्यानुसार अपंगत्व असलेल्या माणसासाठी सेवेत योग्य ते फेरबदल करणे कौन्सिलवर बंधनकारक आहे, तेव्हा हा नुसत्या चांगुलपणाचा प्रश्न राहत नाही. इंग्लंडमधल्या आपल्या लोकांनी याकडे दुर्लक्ष करू नये. मुलांकडे येऊन राहिलेले आईवडील आता ऐंशीच्या घरात पोचले आहेत, आजाराच्या ओघात नंतर शिकलेले इंग्रजी अनेकदा आधी जाते, आणि मराठीतून ओरडणारा म्हातारा काय म्हणतो आहे हे नोंद करणाऱ्याला कळत नाही. आवाज मात्र ऐकू येतो.

माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने अशा खुणांबद्दल फार पूर्वीच मार्गदर्शन केलेले आहे, आणि ते वाचले तर त्यात गैर काही सापडत नाही. खूण विशिष्ट घटनेवरून टाका, माणसाबद्दलच्या सर्वसाधारण मतावरून टाकू नका. निर्णय वरिष्ठाने घ्यावा. त्या व्यक्तीला लेखी कळवावे: कोणत्या घटनेमुळे, कुणाकुणाला कळवले, पुन्हा विचार कधी होणार. ठरावीक मुदतीने तपासणी करून गरज नसेल तर खूण काढून टाकावी. नियम उत्तम आहेत, पण ते पाळले नाहीत हे कळायला त्या माणसाला आधी खूण आहे हे कळावे लागते.

सगळी मेख तिथेच आहे. व्यक्तीला कळवण्याला कौन्सिलांचा विरोध असतो, आणि त्यांचे कारण हसण्यावारी नेण्यासारखे नाही. जो माणूस आधीच भडकलेला आहे त्याला पत्र पाठवून ‘तुझी नोंद आम्ही हिंसक म्हणून केली आहे’ असे सांगायचे? ते पत्र घेऊनच तो काउंटरवर यायचा. ज्या कर्मचारी बाईंनी तक्रार केली त्यांचा माग काढायचा. काही प्रकरणांत ही भीती शंभर टक्के रास्त आहे, आणि आयुक्तांच्या मार्गदर्शनातही त्याला अपवाद ठेवलेला आहे: कळवल्यानेच हिंसा होईल असे वाटत असेल तर कळवू नका. पण अपवाद मिळाला की ऑफिस त्याचाच नियम करून टाकते. न कळवणे सोयीचे असते. न कळवलेली खूण कुणी आव्हान देत नाही, कुणी पुरावा मागत नाही, तिची मुदत संपली का हे कुणी विचारत नाही.

म्हणून मला कळवण्याची अट सभ्यतेपेक्षा वेगळ्या कारणासाठी हवी आहे. आपले म्हणणे त्या माणसाच्या हातात लेखी पडणार आहे हे माहीत असलेला अधिकारी वेगळे लिहितो. ‘आक्रमक आहे, त्रासदायक आहे’ असे तो लिहीत नाही. ‘अमुक तारखेला खुर्ची उचलून काचेवर मारली’ असे लिहितो. आणि लिहिण्यासारखे काही नसेल तर त्याला तिथेच कळते की नाही. स्लाऊच्या बाईंना त्याच आठवड्यात पत्र गेले असते, ‘तुम्ही तक्रारीत लिहिलेल्या एका वाक्यामुळे’, तर ते पत्र सहीसाठी ज्याच्या टेबलावर गेले त्याने बहुधा पेन खाली ठेवले असते. ज्या प्रकरणांत खरेच कळवता येत नाही तिथे वरिष्ठाने कारण लिहून ठेवावे आणि सहा महिन्यांनी ते कारण अजून टिकते का हे दुसऱ्या कुणीतरी तपासावे.

घाईच्या वेळी काय, असाही प्रश्न येतो. सकाळी नऊला हल्ला झाला, दहाला दुसरा कर्मचारी तिथेच जाणार आहे, तेव्हा चौकशी करत कोण बसणार? बरोबर आहे. तेव्हा खूण लगेच टाकावी. फक्त ती तात्पुरती असावी आणि ठरल्या दिवसांत वरिष्ठाने कायम केली नाही तर संगणकाने ती आपोआप पुसावी. आज बहुतेक संगणकप्रणालींचा कल उलटा असतो: नोंद टाकायला एक बटण पुरते, काढायला मात्र कुणालातरी आठवण व्हावी लागते. घरावर टाकलेली खूण तर आणखी वाईट. भाडेकरू निघून जातो, खूण भिंतीला चिकटून राहते, आणि नव्याने राहायला आलेल्या एकट्या बाईच्या घरी गिझर दुरुस्तीला कुणी का येत नाही हे तिला कळत नाही.

नावे टाकणे सोपे आणि काढणे अवघड, याचा ब्रिटिशांच्याच राज्यातला अनुभव महाराष्ट्राच्या गाठीशी आहे. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या गेल्या, माणसांना पोलिसांकडे हजेरी लावावी लागे, सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांना कुंपणाआडच्या वसाहतींत ठेवले गेले. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. तरी आजही गावात चोरी झाली की पोलिसांची जीप आधी पारध्यांच्या पालावर जाते. स्लाऊच्या यादीत आणि त्यात जमीनअस्मानाचा फरक आहे. तिथे जन्मच गुन्हा होता, इथे निदान एक फोन, एक पत्र, एक घटना लागते. मी ते एवढ्यासाठीच सांगतो आहे की ‘चूक झाली तर नंतर काढून टाकू’ असे जेव्हा एखादे ऑफिस म्हणते तेव्हा त्यावर मराठी माणसाने तरी चटकन विश्वास ठेवू नये.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या कुणालाही कौन्सिलकडे आपल्याबद्दल काय नोंदले आहे हे मागण्याचा हक्क आहे. २०१८ पासून त्याला फी पडत नाही आणि साधारणपणे महिन्याभरात उत्तर द्यावे लागते. चुकीची नोंद दुरुस्त करून मागता येते. मला वाटते, ज्यांचे कौन्सिलशी कधी फोनवर वाजले आहे, किंवा जे घरातल्या आजारी माणसासाठी केअरर मागवतात, त्यांनी तो अर्ज एकदा करावा.

पण रहिवाशाने अर्ज करण्याने कर्मचाऱ्याचा जीव सुरक्षित होत नाही, आणि माझी तक्रार मुळात तीच आहे. ‘दोघांनी जावे’ अशी खूण टाकायला काही खर्च नाही. दोघांना पाठवायला दुसऱ्या माणसाचा पगार लागतो. २०१० नंतर केंद्राने कौन्सिलांचे अनुदान वर्षानुवर्षे कापले. क्रॉयडनने २०२० मध्ये, बर्मिंगहॅमने २०२३ मध्ये आपल्याकडे पैसे नाहीत अशी नोटीस काढली. त्यांच्या मधल्या वर्षी, २०२१ च्या जुलैमध्ये, तशीच नोटीस स्लाऊनेही काढली. अशा ऑफिसात ‘दोघांनी जावे’ लिहिलेल्या घरी दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर कुणी जात नाही, किंवा एकच जण जातो आणि काही झाले तर साहेबांना म्हणता येते की सूचना पडद्यावर होती, त्याने वाचायला हवी होती. पहिल्यात रहिवासी मरतो, दुसऱ्यात कर्मचारी, आणि दोन्हींत कागद स्वच्छ राहतो.

माहिती अधिकाराखाली पत्रकार कौन्सिलांना अधूनमधून विचारतात, तुमच्या यादीत किती नावे आहेत. आकडा येतो, एक दिवस बातमी होते. त्यांनी त्यासोबत हेही विचारावे: ज्या घरांवर दोघांनी जायची सूचना होती तिथे गेल्या वर्षी किती भेटी झाल्या, त्यांतल्या किती खरोखर दोघांनी केल्या, आणि त्या सूचना तुमच्या कंत्राटदारांच्या माणसांपर्यंत कशा पोचल्या.